मासेवालीची पाटी एम-एटीवर गेली तेव्हा

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला थांबा. आधी चढणीवरून इंजिनाचा आवाज येतो, मग हॉर्न. प्रत्येक मासेवाल्याची हॉर्न मारायची आपली एक पद्धत असते, आणि ती घराघराला पाठ असते. हॉर्न ऐकून आधी मांजर उठतं, मग माणसं. बाहेर दुचाकी उभी असते. मागे बांधलेला प्लास्टिकचा क्रेट, त्यात बर्फ, बर्फाखाली बांगडे, पेडवे, नशीब असेल तर सुरमई. गाडी बहुतेकदा टीव्हीएसची एक्सएल असते. नाहीतर मग खाऱ्या पाण्याने पत्रा खाल्लेली, तरीही एका किकमध्ये सुरू होणारी बजाजची जुनी एम-एटी.

या हॉर्नच्या आधी याच वाटेवर बाईचा आवाज यायचा. “मासे व्हये काय गो?” डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीतून खांद्यावर ओघळणारं माशांचं पाणी. किनाऱ्यावर रापण ओढली गेली, होड्या लागल्या, की वाट्याचे किंवा लिलावात घेतलेले मासे घेऊन ती निघायची. सडा चढायची, पलीकडे उतरायची आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी करून परतायची. तिची गिऱ्हाइकं ठरलेली असत. कुणाकडे उधारी चाले, कुणाकडे माशांच्या बदल्यात तांदूळ किंवा नारळ मिळत.

आता ती दारावर फारशी येत नाही. मालवणच्या मासळी बाजारात आजही बायकाच बसतात आणि भावही त्याच ठरवतात. पण गावागावांत फिरून मासे विकण्याचं काम बऱ्याच अंशी दुचाकीवरच्या पुरुषाकडे गेलं. तसा कुणी ठराव केला नाही, भांडणही झालं नाही. एक स्वस्त गाडी बाजारात आली, एवढंच.

स्वस्त वाहनांचा इतिहास आपण नेहमी किमतीतून ऐकतो. अमुक साली मोपेड आली, तमुक साली लाखाची कार आली आणि सामान्य माणूस चाकांवर बसला. मालवणच्या किनाऱ्यावर हा इतिहास जरा वेगळा दिसतो. इथे विचारावं लागतं की गाडी स्वस्त झाली तेव्हा किल्ली कुणाच्या हातात आली, आणि चालत कोण राहिलं.

तर, पडाव आणि थांबण्याची किंमत

सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा आहे. नकाशावर तो सरळ दिसतो, पण त्यावरून सरळ जाता येत नाही. विजयदुर्ग, देवगड, आचरा, कालावल, कर्ली, तेरेखोल अशा खाड्या मध्ये येतात. खाडी ओलांडली की चढण, मग जांभ्याचा उघडा सडा, मग उतरण, मग व्हाळ. देवबागच्या टोकावर उभं राहिलं तर कर्लीच्या खाडीपलीकडचा भोगव्याचा किनारा समोर दिसतो. गाडीने तिथे जायचं तर आधी मागे फिरून, पूल गाठून मोठा वळसा घालावा लागतो. तळाशील आणि सर्जेकोट ही गावंसुद्धा अशीच समोरासमोर आहेत.

म्हणून इथलं सगळ्यात जुनं स्वस्त वाहन म्हणजे तर. खाडीच्या या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. तिला वेळापत्रक नसे. पलीकडे असलेल्या तारीला हाक मारायची आणि वाट बघायची. छोट्या व्हाळांवर लाकडाचे साकव असत, आणि पावसाने ते वाहून गेले की पुढच्या हंगामापर्यंत वाट बंद. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे नेहमीचंच होतं. आजारी माणसाला डोलीत घालून नेत, आणि बाकी सगळे चालत.

मुंबईला जायचं तर आगबोट. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही त्या मार्गावरची बंदरं. मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि प्रवाशांना पडावातून तिथवर नेत. हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकणं हा त्या प्रवासातला सगळ्यात कठीण क्षण. मग डेकवर वळकटी पसरायची आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. गिरण्यांमध्ये कामाला गेलेली कोकणी माणसं पिढ्यानपिढ्या अशी गेली आणि अशीच गणपतीला आली. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्ते सुधारले, एसटी वाढली आणि ऐंशीच्या दशकानंतर ती जुनी बोटसेवा उरली नाही.

तर काय, पडाव काय, आगबोट काय, यांपैकी कुठलंच वाहन कुणाच्या मालकीचं नव्हतं. तिकीट कमी होतं, कारण बाकीची किंमत प्रवासी वेळेत मोजत होता. पण तारीने हाक ऐकली की जो काठावर उभा असेल तो होडीत बसे, पाटीवाली बाईसुद्धा.

वस्तीची गाडी

१ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्याआधी रस्त्यांवर खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ होत्या. त्या भरल्याशिवाय सुटत नसत, आणि नफा नसलेल्या रस्त्याला फिरकत नसत. सरकारी एसटीने हा हिशेबच बदलला. चांगल्या मार्गावरच्या उत्पन्नावर तोट्यातल्या मार्गाची गाडी चालवायची, म्हणजे शेवटच्या गावाला बस मिळते. कोकणासारख्या विखुरलेल्या वाड्यांच्या मुलखाला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा क्वचितच कुणाला झाला असेल.

त्यातून ‘वस्तीची गाडी’ जन्मली. संध्याकाळी उशिरा शेवटच्या गावात येणारी बस रात्री तिथेच मुक्कामाला राहते. ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपतात, आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून तालुक्याला निघते. ज्या गावात वस्तीची गाडी येते, तिथल्या मुलीला कॉलेजला जाता येतं. एवढा सरळ संबंध होता. विद्यार्थ्यांच्या पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा फक्त तिसरा हिस्सा भरायचा. शहरात शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, आंब्याच्या पेट्या, भातगिरणीचा पट्टा, सगळं याच गाडीतून जायचं.

मासेवाल्या बायकांना एसटीने पहिल्यांदा लांबचा बाजार दिला. जिथवर पाय नेत तिथवरच विकायचं, ही मर्यादा सुटली. मालवणहून कुडाळ साधारण तीस किलोमीटर, कणकवली त्याहून लांब. डोक्यावर पाटी घेऊन ते अंतर रोज चालणं शक्य नव्हतं, बसने शक्य झालं. पण एसटीच्या दारात एक जुना वाद कायम उभा राहिला. पाटी आत घ्यायची की टपावर टाकायची? तिचं वेगळं तिकीट लागतं का? आणि वास? ज्या मुलखात माशाशिवाय जेवण पुरं होत नाही, तिथेही बसमध्ये माशाच्या पाटीशेजारी बसायला लोक नाक मुरडतात. बसमध्ये चढण्याचा हक्क तिला कागदावर होता. रोज सकाळी मात्र तो कंडक्टरच्या मूडवर आणि बाकीच्या प्रवाशांच्या नाकावर ठरायचा.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. डिसेंबर २०२१मध्ये तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात, कुळच्चलला, मासे विकून घरी निघालेल्या एका वयस्क बाईला वास येतो म्हणून बसमधून उतरवलं गेलं. त्याच वर्षी तिथल्या सरकारने बायकांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास दिला होता. तिचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि बस कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. तिकीट शून्य झालं, तरी पाटीला बसमध्ये जागा मिळेलच असं नाही.

चढणीला सायकल माणसावर बसते

स्वस्त वाहन म्हटलं की पहिल्यांदा सायकल आठवते. १८८५च्या सुमाराला इंग्लंडमध्ये सारख्या मापाच्या दोन चाकांची आणि साखळीची सायकल आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बायकांनी तिच्यावर बसून घराबाहेरचं जग पाहिलं. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांनी सायकल सामान्यांच्या आवाक्यात आणली. हर्क्युलस, अ‍ॅटलस, हीरो ही नावं घराघरात गेली. पुणं सायकलींचं शहर झालं.

मालवण तसं झालं नाही, आणि त्याचं मुख्य कारण जमीन आहे. सपाटीवरच्या माणसाला सायकल वाहून नेते. कोकणात उतारावर माणूस सायकलवर बसतो आणि चढणीला सायकल माणसावर बसते. गिअर नसलेली, वीस किलोच्या आसपास वजनाची काळी सायकल जांभ्याच्या घाटीवर ढकलत नेणं म्हणजे दुप्पट काम. त्यात चार महिने पाऊस, निसरडी वाट, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणारी साखळी.

तरी ती आली. किनाऱ्याच्या पट्टीवर, बाजारपेठांत आणि सड्यावरच्या सरळ रस्त्यांवर तिने आपली जागा धरली. पोस्टमन तिच्यावरून मुंबईच्या मनीऑर्डरी घेऊन यायचा. पाववाला मागे टोपली बांधून रबरी भोंगा वाजवत यायचा, गोव्यातल्या पोदेरासारखाच. मासेवाल्याच्या आजच्या हॉर्नचा खरा पूर्वज हाच भोंगा. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानंही होती. त्यांतल्या गुडघे फोडणाऱ्या सायकलींवर दोन-तीन पिढ्यांचे मुलगे शिकले.

मुलगे शिकले, मुली क्वचित. सायकल घरात एकच असायची, ती बापाची किंवा मोठ्या भावाची. मुलीने सायकलवर बसावं का, हा प्रश्न घरी कुणी विचारायचंही नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं. म्हणून मला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईची गोष्ट महत्त्वाची वाटते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता चळवळीने अक्षरांच्या जोडीला बायकांना सायकल शिकवली. हजारो गरीब ग्रामीण बायका शिकल्या. पाणी, माल, मुलं, सगळं सायकलवर घेऊन जाऊ लागल्या. बस कधी येईल याची वाट बघणं संपलं. २००६मध्ये बिहारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. दोन्हीकडे सायकल जुनीच होती. ती मुलीची आहे, हे कुणीतरी अधिकृतपणे सांगितलं, एवढंच नवं होतं.

लुना, चेतक, एम-एटी

१९७२ हे साल महाराष्ट्राच्या रस्त्यांसाठी लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी अहमदनगरच्या कारखान्यातून कायनेटिकची लुना बाहेर पडली. पन्नास सीसीचं इंजिन, आणि इंजिन दमलं तर मारायला पेडल. इटलीच्या पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडवरून ती बेतलेली होती. त्याच वर्षी पुण्याहून बजाजची चेतक आली. बजाजचा पियाजिओशी असलेला करार संपला होता आणि व्हेस्पाच्या जागी राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव आलं.

मागणी असूनही चेतक लगेच मिळत नव्हती. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा. मग नंबर लागायचा, आणि तो यायला वर्षानुवर्षं जायची. हुंड्यात चेतक मागणं, नंबर लागलेली चेतक जास्त पैशाला विकणं, हे सगळं त्या टंचाईतून आलं. १९८५मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि लिटरला किती किलोमीटर हा प्रश्न पहिल्यांदा विक्रीचा मुख्य मुद्दा झाला. १९९४ची स्प्लेंडर त्याच वाटेवरून पुढे गेली.

पण किनाऱ्यावरची खरी क्रांती या दोघींच्या मधल्या एका कुरूप गाडीने केली. ऐंशीच्या दशकात बजाजने एम-एटी आणली. ना धड स्कूटर, ना मोटारसायकल, ना मोपेड. पुढे पाय ठेवायला मोकळी जागा, डाव्या मुठीत गिअर, आणि मागे ओझं बांधायला दणकट कॅरियर. शहरातल्या पोरांनी तिला नावं ठेवली. दूधवाला, गॅस सिलिंडरवाला आणि मासेवाला यांनी तिला डोक्यावर घेतलं. पाटीत जेवढे मासे मावत त्याच्या कितीतरी पट मासे ती घाटीवर चढवून न्यायची. भोवती बर्फ टाकला की मासे दुपारपर्यंत टिकायचे. जिथे बाई सकाळभरात दोन-तीन वाड्या करायची, तिथे एम-एटीवाला चार गावं करून जेवायला घरी यायचा.

इथे पाटी हातची गेली. त्यात कुणाची लबाडी नव्हती. गाडीचं कर्ज पुरुषाच्या नावावर झालं, कारण जमीन किंवा नोकरी त्याच्या नावावर होती. लायसन्स त्याच्याकडे होतं. सायकल तो लहानपणीच शिकला होता, त्यामुळे दोन चाकांवर तोल त्याला येत होता. भरल्या क्रेटसकट एम-एटीला किक मारून ती चढणीवर सावरणं हे काम बाईला कुणी शिकवलंच नव्हतं. आईची ठरलेली गिऱ्हाइकं मुलाकडे आली. घरात पैसे जास्त येऊ लागले, हेही खरं. आतल्या गावांना ताजे मासे मिळू लागले, हेही खरं. पण ज्या पैशावर आधी तिचा हात होता, तो आता तिला मागून घ्यावा लागू लागला.

ज्यांना बाजारातली जागा होती त्या बाजारात बसल्या. काहींनी चार जणींत मिळून रिक्षा किंवा टेंपो ठरवला आणि लांबचा बाजार धरला. तरीच्या होडीसारखंच हे, वाटून घेतलेलं वाहन. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्या पाटी घेऊन चालत राहिल्या. चार गावांच्या ऐवजी एक वाडी, सुरमईच्या ऐवजी सुकट.

लाखाची कार आणि पावसातलं कुटुंब

मोठ्या शहरांत तेव्हा वेगळं स्वप्न चाललं होतं. सामान्य माणसाची मोटार. आपल्या घाटावर, इचलकरंजीला, शंकरराव कुलकर्णी या माणसाने स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘मीरा’ नावाची छोटी गाडी बनवून पाहिली. तिचे नमुने रस्त्यावर धावले, पण ती बाजारात कधीच आली नाही. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हातात पडली. किंमत ४७,५०० रुपये. मध्यमवर्गाला ती परवडली, सामान्यांना नाही.

मग १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटा नॅनो दिसली. दोन सिलिंडर, ६२४ सीसी, कारखान्यातली किंमत एक लाख. तिची कल्पना कशी सुचली हे रतन टाटा सांगत असत. पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुलं असं कुटुंब त्यांनी पाहिलं होतं. कोकणी माणसाला हे चित्र परकं नाही. जूनमध्ये मालवणच्या रस्त्यावर उभं राहा. रेनकोटच्या आत शिरलेलं पोर, बायकोच्या मांडीवर दुसरं, आणि हँडलला भाजीची पिशवी, असं निम्मं गाव भिजत जाताना दिसेल.

नॅनो २०१८मध्ये बंद झाली. काही गाड्यांना लागलेली आग आणि ‘सगळ्यात स्वस्त कार’ हा शिक्का, ही कारणं नेहमी सांगितली जातात. कारण स्वस्त आहे म्हणून कार घेतो, असं शेजाऱ्याला कळावं हे कुणालाच नको होतं. पण किनाऱ्यावरून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. इथल्या घराला चार सीटपेक्षा दोन माणसांना दोन दिशांना, दोन वेगळ्या वेळी जाता यावं याची गरज जास्त होती. बापाला बंदरावर पहाटे, मुलीला कॉलेजला सातला, आईला बाजारात नऊला. एक कार तिघांचं काम करू शकत नाही. एक बस करू शकते. नाहीतर तीन दुचाक्या.

किल्ली मुलीच्या हातात

तीन दुचाक्यांची वाट मोकळी केली ती गिअर नसलेल्या स्कूटरने. १९८४ची कायनेटिक होंडा, नव्वदच्या दशकातली स्कूटी आणि मग २००१ची होंडा अ‍ॅक्टिव्हा. बटणाने सुरू होते, साडी किंवा पंजाबी ड्रेसवर चालवता येते, पायात पिशवी राहते. कंपन्यांना बाई गिऱ्हाईक म्हणून दिसली, आणि गाडी तिच्या मापाची झाली. आज मालवण किंवा कुडाळच्या रस्त्यावर शिक्षिका, आशा सेविका, बँकेतली कारकून, कॉलेजची मुलगी स्कूटरवर दिसतात. सायकलने जे मुलींना दिलं नाही ते स्कूटरने दिलं. चढणही आता अडवत नव्हती.

ही मोकळीक खरी आहे, पण सगळ्यांना मिळालेली नाही. हप्ता, पेट्रोल, विमा, टायर धरले तर गाडी ‘स्वस्त’ राहायला दरमहा पगार लागतो. पगार गोव्यात मिळतो. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडची हजारो मुलं रोज दुचाकीने हद्द ओलांडून म्हापसा, पेडणे, मोपा इथे कामाला जातात आणि रात्री परततात. २०२०च्या टाळेबंदीत हद्द बंद झाली तेव्हा एका दिवसात कळलं की या भागाचा चरितार्थ किती प्रमाणात त्या दोन चाकांवर चालतो. हीच मुलं पाऊस, अंधार आणि झोप यांच्याशी रोज खेळत येतात. गाडी स्वस्त झाली तेव्हा नोकरी गावाजवळ आली नाही. माणूसच रोज नोकरीपर्यंत जाऊ लागला, आणि त्या रस्त्याचा धोका त्याच्या अंगावर पडला.

आणि सत्तरीची आजी? तिला अ‍ॅक्टिव्हा चालवता येत नाही. नातू सोडेल तेव्हा जायचं. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या, कारण कमावते पुरुष मुंबईला. लोकसंख्या ८,४९,६५१, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. बायकांचा, म्हाताऱ्यांचा, माणसं कमी होत चाललेला जिल्हा. अशा जिल्ह्यात प्रत्येकाने आपापली गाडी घ्यावी हे उत्तर अर्ध्या लोकांना लागूच पडत नाही.

फेरी तुटते तेव्हा

ज्यांना शक्य होतं त्यांनी दुचाकी घेतली. एसटीतले प्रवासी कमी झाले. प्रवासी कमी म्हणून दुपारची फेरी बंद झाली. दुपारची फेरी नाही म्हणून आणखी कुणीतरी हप्त्यावर गाडी घेतली. मग वस्तीच्या गाडीवर पाळी आली. यात कुणा एकाचा निर्णय चुकीचा नाही. प्रत्येक घराने आपल्यापुरता शहाणपणाचा विचार केला, आणि सगळ्यांच्या शहाणपणातून जी उरली ती गाडीविना म्हातारी बाई.

२०२१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. ज्यांच्या घरी गाडी होती त्यांना तो बातम्यांत दिसला. ज्यांच्या घरी नव्हती त्यांची शाळा, दवाखाना आणि बाजार थांबला. मग २६ ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आलं. बसमध्ये बायका परत दिसू लागल्या. या अर्ध्या तिकिटाची चेष्टा करणारे रील तुम्हीही पाहिले असतील. त्या बायका फिरायला निघाल्या आहेत असा सूर त्यांत असतो. समजा, निघाल्या. कर्लीची खाडी आयुष्यभर समोर पाहून पलीकडे कधी न गेलेल्या बाईने एकदा फिरायला निघावं, यात हसण्यासारखं काय आहे?

पण तिकीट अर्धं करून तुटलेली फेरी परत येत नाही. त्यासाठी गाडी सोडावी लागते. केरळने ऑगस्ट २०२१मध्ये तिरुवनंतपुरममध्ये ‘समुद्र’ नावाच्या बस सुरू केल्या. मासेवाल्या बायकांसाठी मोफत, पाट्या ठेवायची सोय असलेल्या. त्यामागे तिथल्या मासेवाल्यांनी बसमध्ये चढण्याच्या हक्कासाठी केलेल्या जुन्या लढ्याचा इतिहास आहे. आपल्या शेजारी गोव्यात पायी प्रवाशांना खाडी ओलांडायला फेरीबोट फुकट असते, कारण खाडी हा रस्त्याचाच भाग आहे असं तिथल्या सरकारने मानलं. आणि पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरचा परवानाधारक ‘पायलट’ एकट्या माणसाला आतल्या वाडीत सोडतो. यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. होडी, बस, दुचाकी, सगळं आपल्याकडेही आहे. फक्त ते वाटून घेण्याची व्यवस्था कुणीतरी चालवावी लागते.

आता जुनी नावं बॅटरी घेऊन परत आली आहेत. २०२०मध्ये विजेवरची चेतक आली, २०२४मध्ये विजेवरची लुना. पुढच्या काही वर्षांत मासेवाल्याचा क्रेटही तिच्यावर चढेल. इंजिनाचा आवाज जाईल, हॉर्न तेवढा राहील. गाडीचं कर्ज कुणाच्या नावावर होतं, चालवायला कुणाला शिकवलं जातं, आणि सकाळी सातची बस सुटते की नाही, यावर यावेळी पाटी कुणाकडे राहते ते ठरेल.

मालवणच्या बाजारात आज ज्या बायका बसतात त्यांतल्या काही जणी पूर्वी पाटी घेऊन फिरत होत्या. पुढच्या वेळी बांगडे घ्याल तेव्हा भावावरून घासाघीस करण्याआधी एक विचारा, मावशी, सकाळी घरून आलात कशाने? आणि पुढे तुमच्या गावाची एसटीची फेरी बंद करायची चर्चा निघाली, तर तिचं उत्तर ग्रामसभेत सांगा.